हत्तीच्या कडा

१८ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं खुशालीचं पत्र पोचलं. खुशाली एका ओळीत आणि गुडघ्याची गाऱ्हाणी दोन पानांत, यावरून प्रकृती उत्तम आहे असं धरून चालते. वहिनीला सांग, तिने तुझे इतके लाड केले नसते तर ते गुडघे अजून दहा वर्षं टिकले असते.

यंदा मला दुसरीचा वर्ग दिलाय. त्रेचाळीस मुलं, एकवीस बाक आणि एक पंखा. तो फिरला की मुलं टाळ्या वाजवतात. सकाळचा पहिला अर्धा तास मी कुणाच्या बापाला देत नाही. तो रंगभरणाचा. प्रत्येकाला एक छापील चित्र, दोघांत मिळून तेलखडूंचा एक डबा, आणि तोंडाला कुलूप. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, याला वेळकाढूपणा म्हणतात. म्हणोत बापड्या. घरून मार खाऊन आलेलं पोर खडू कागदात रुतवतं. उपाशी आलेलं फिकं फिकं रंगवतं आणि पाच मिनिटांत खडूच चघळायला लागतं. बावीस वर्षांत मला मुलांबद्दल जे काही कळलं ते याच अर्ध्या तासात; पालकसभेत फक्त पालकांचे कपडे कळतात. मूल वाचायला शिकायच्या आत मी त्याचं पान वाचते, ही माझी घमेंड तुला ठाऊकच आहे.

चित्रं अर्थातच तुमच्या शिक्षण खात्याच्या कार्यालयाची, म्हणजे तुझ्याच हातची. पान सातवरच्या हत्तीचं शेपूट तुला याही वर्षी जमलेलं नाही.

त्याच हत्तीवरून एक गंमत. वर्गात एक नवी मुलगी आलीय. मुलं तिला ढुशी म्हणतात, कारण ती जाता-येता दाराच्या चौकटीला, बाकाच्या कोपऱ्याला आणि एकदा खुद्द मोठ्या बाईंच्या पोटाला ढुशी देऊन गेली. (ते पोट चुकवणं कुणालाच सोपं नाही, हे मी तिच्या बाजूने सांगितलं, मनातल्या मनात.) शेवटच्या बाकावरून फळ्यावरचं बारीक अक्षर घडाघडा वाचते. पण हत्ती दिला तर तिने नुसतं त्याचं पोट रंगवलं, निळं, अगदी एकसारखं. पाय, सोंड, कान, सगळं कोरं. मी विचारलं तर म्हणाली, झाला की हत्ती. दादा, तो धुक्यातून बाहेर येणारा हत्ती वाटत होता. मी तो कपाटाच्या दारावर चिकटवलाय.

काळजी एवढीच की वरून काहीतरी शिजतंय. कच्ची मुलं हुडकून रस्त्यापलीकडच्या पूर्वतयारी वर्गात धाडायची म्हणे. तिथे सत्तर मुलं आणि निवृत्तीचे दिवस मोजणारे एक गुरुजी. तिथून परत आलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. माझ्या ढुशीवर पहिली कुऱ्हाड पडेल. तुला आतली काही बातमी असली तर कळव.

गुडघ्यांना माझा नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढव.

तुझी,
ठमी

२७ जून

चि. ठमीस,

अ. उ. आशीर्वाद. शेपटाबद्दलचा अभिप्राय मिळाला. सव्वीस वर्षं मी तोच हत्ती काढतोय. एवढ्या वर्षांत मी साहेब झालो नाही, तर त्याला शेपूट कुठून फुटणार?

आतली बातमी विचारतेस, तर ऐक. आमच्या रेखाटन विभागात चार टेबलं आणि दोन माणसं. आमचे साहेब, ज्यांना मी मनात मोजपट्टी म्हणतो, त्यांनी परवा बैठक घेतली. लहान वर्गांना परीक्षा घ्यायची बंदी, पण कच्ची मुलं मात्र निवडून हवीत. म्हणजे जेवल्याशिवाय ढेकर. दोन तास सगळे गंभीर चेहऱ्याने पेनांची टोपणं उघडत-मिटत होते. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर येऊन एक टिपण लिहिलं, की रंगभरणाच्या पानावर शंभर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवावा. जेवढ्या चौकटी कोऱ्या राहिल्या किंवा जेवढ्यांत रंग रेघेबाहेर गेला तेवढे गुण कापावेत. तिन्ही पानांत साठाच्या खाली आला तो कच्चा. चांगली अकरा कलमं केली. अकराव्यात लिहिलं, की मूल कच्चं ठरल्यास आधी सरकारी खर्चाने त्याचे डोळे तपासावेत. मुलाचे निर्दोष निघाल्यास शिक्षकाचे तपासावेत. शिक्षकाचेही निर्दोष निघाल्यास चित्र काढणाऱ्याचे. साहेब हसतील, मला दोन शब्द सुनावतील आणि विषय चहात बुडेल, एवढीच अपेक्षा. टिपण त्यांच्या टेबलावर ठेवून आलोय.

तुझ्या ढुशीला सांग, हत्तीचे पाय कोरे ठेवून तिने माझ्यावर उपकार केलेत. ते मलाही धड जमत नाहीत. कुठे थांबायचं हे जिला सातव्या वर्षी कळलं तिला कसली पूर्वतयारी हवी? आम्ही सगळे आयुष्यभर रेघेच्या आत रंगवत बसलो आणि बघ कुठे पोचलो. तिला सांभाळ. रेघेला न जुमानणारं माणूस मला आपल्या दोन पिढ्यांत भेटलेलं नाही.

वहिनीने आशीर्वाद सांगितलाय. माया कमी करू नकोस. गुडघे तिच्यावरच चालतात.

तुझा,
दादा

५ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार नाइलाजाने करते आहे. तुझ्या साहेबांना हसू आलं नाही.

गेल्या आठवड्यात परिपत्रक आलं. सोबत चौकटींचे पाच पारदर्शक कागद, प्लास्टिकच्या पिशवीत. मोठ्या बाईंनी ते असे उघडले जणू माहेरचा आहेर. अकराच्या अकरा कलमं आहेत. तुझी भाषा मी ओळखणार नाही होय? अकराव्यातली शिक्षकाच्या आणि चित्रकाराच्या डोळ्यांची ओळ तेवढी कापलीय, बाकी शब्दाला शब्द. उंटावरच्या शहाण्याने सल्ला दिला तर माणूस उंटाला दोष देतो. मी कुणाला देऊ?

आता माझा अर्धा तास संपला. मुलं रंगवताना माझ्याकडे बघतात. ज्या पोरीने मागल्या महिन्यात आकाश नाकापर्यंत आणलं होतं ती आज रेघेपासून बोटभर आतच थांबते, घाबरून. मार खाऊन आलेला आणि लाडू पोटात घेऊन आलेला, दोघेही सारखंच रंगवतात. पान वाचायला काही उरलंच नाही.

ढुशीचं पहिलं पान मोजलं. पुन्हा हत्ती. एकतीस गुण. ती रेघेबाहेर गेलेलीच नाही रे, ती रेघेपर्यंत पोचतच नाही. मधेच रंगवते आणि सुखाने खडू खाली ठेवते. तिसरं पान सप्टेंबरअखेर. अजून दोनदा असं झालं की ती रस्त्यापलीकडे.

मोठ्या बाईंनी सुचवलं, की अकराव्या कलमाप्रमाणे तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचा अर्ज आत्ताच भरून ठेवू. मी म्हणाले, जिला शेवटच्या बाकावरून फळ्यावरचा पूर्णविराम दिसतो तिचे डोळे तपासायचे तर आधी ही शक्कल काढणाऱ्याचे तपासा. ती शक्कल माझ्या सख्ख्या भावाची हे सांगितलं नाही. एकदा तो अर्ज फायलीत गेला की मूल कच्चं हे कागदावर कबूल केल्यासारखं होतं. मी भरला नाही.

काय करू ते लिही. आणि यापुढे विनोद घरात कर.

माया आहे, पण सध्या रागाच्या खाली दबलीय.

ठमी

१४ ऑगस्ट

चि. ठमीस,

अ. उ. आशीर्वाद. दोन्ही कान धरून लिहितो आहे, त्यामुळे अक्षराकडे दुर्लक्ष कर. मी साहेबांकडे गेलो होतो. टिपण थट्टेचं होतं असं सांगणार होतो, तर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, तुमच्यात एवढी दृष्टी आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठमे, खुर्ची मऊ होती. मी काही बोललो नाही. वहिनीला हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

पण चोरवाट चोरालाच ठाऊक असते. तुझ्या मुलीचं पान उरलेलं तू रंगव. हसू नकोस, मी हे गंभीरपणे सांगतोय. मात्र बाईच्या हाताने रंगवू नकोस, तपासणारे ताबडतोब ओळखतील. डाव्या हाताने, खडू मुठीत धरून, मनगट न हलवता कोपरातून रंगव. दाब एकसारखा ठेवू नकोस. पायाजवळ दोनदा रेघेबाहेर जा आणि एका कानात बोटाएवढी जागा कोरी सोड. शंभरपैकी शंभर आले तर संशय येतो, त्र्याण्णव बरे. माझ्या हत्तीची प्रत्येक रेघ मला पाठ आहे, सोंडेच्या वळणावर खडू घसरतो तेवढं बघ.

ज्या मोजपट्टीला अक्कल नाही तिच्याशी खोटं बोलणं हे पाप नव्हे. पोरगी तुझ्या वर्गात राहिली म्हणजे झालं.

राग उतरला की कळव. तोवर माया दाबून का होईना, ठेव.

दादा

३० सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. राग उतरला. ढुशी वाचली.

दुसरं पान ब्याण्णव, तिसरं चौऱ्याण्णव. वर्ग सुटल्यावर दाराला कडी लावून, चिमुकल्या बाकात गुडघे कोंबून, मुठीत खडू धरून मी हत्तीचे पाय रंगवले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरी पास झाले म्हण. तपासनीस आले, त्यांनी कागद ठेवला, चौकटी मोजल्या आणि मोठ्या बाईंना म्हणाले, या मुलीची प्रगती लक्षणीय आहे. मी खिडकीबाहेर बघत होते. हसू दाबताना माझी उचकी सुरू झाली.

काम मात्र वाढतं आहे. तपासनीस कधीही गठ्ठा मागतील म्हणून तिची जुनी-नवी रोजची पानंही मीच पुरी करते; एकतीस गुणांचं तेवढं फायलीत गेलंय. पूर्वी ती निदान पोट पूर्ण करायची. आता मधोमध एक वाटीएवढा निळा गोळा आणि बाकी सगळं माझ्यावर. आळशी झालीय की काय? बाई पुरं करतात हे तिला कळलं असावं, कारण परवा माझ्याकडे पान देताना तिने बाकीचं कुठे आहे असं विचारलं. मी तिचा गाल ओढला आणि म्हणाले, बाकीचं माझ्याकडे.

तिची आई काल येऊन गेली. पुठ्ठ्याची खोकी करायच्या कारखान्यात कामाला आहे, हाताला सरसाचा वास. सांगत होती, की पोरगी हल्ली जिन्यावर चाचपडते, ताटाच्या कडेचं सोडून मधलंच खाते. म्हणून एक दिवसाची रजा टाकून डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं असं तिच्या मनात होतं. मग मी तिला ती दोन पानं दाखवली. शिक्का मारलेली, चौऱ्याण्णव गुण लाल शाईत. बाई बघतच राहिली. पार कडेपर्यंत बोट फिरवलं तिने. म्हणाली, इथवर दिसतंय म्हणजे डोळ्याला काही नाही, उगाच रजा बुडाली असती. दोन्ही पानं मागून घेऊन गेली, भिंतीला लावायला.

तुझ्या हत्तीला एक घर मिळालं म्हणायचं.

लोभ पूर्ववत, थोडा रंगाने माखलेला.

ठमी

१२ ऑक्टोबर

चि. ठमीस,

अ. उ. आशीर्वाद. डाव्या हाताचं अभिनंदन. वहिनीला वाचून दाखवलं (खुर्चीचं सोडून), ती इतकी हसली की दूध उतू गेलं.

तुला एक आणखी गंमत सांगतो. साऱ्या विभागाचे निकाल आलेत. एकूण मुलं अठरा हजार, कच्ची, शून्य. एकही नाही! साहेबांचा चेहरा बारशाला आलेल्या आत्यासारखा फुललाय. म्हणजे ठमे, विचार कर, वर्ग सुटल्यावर दाराला कडी लावून किती बाई आणि किती गुरुजी चिमुकल्या बाकांत गुडघे कोंबून बसले असतील. अख्ख्या विभागाचे शिक्षक दुसरी पास झाले.

मला प्रमाणपत्र मिळालंय, चौकटीसकट. घरात खिळा नाही म्हणून अजून भिंतीवर चढलेलं नाही. डोळे तपासणीसाठी ठेवलेली रक्कम तशीच्या तशी पडून आहे. कुणी आलंच नाही म्हणे. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना द्या.

ढुशी आळशी झाली तर होऊ दे. मोठी होऊन ती आमच्या विभागात साहेब होईल; काम मधलं तिचं, कडेचं आपलं.

माया आहे तशी चालू दे, खंड नको.

दादा

२१ जानेवारी

ती. दादास,

सा. न.

तीन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि आता आहे ते लिहवत नाही.

पाच तारखेला मधल्या सुट्टीत ढुशी पायऱ्यांवरून पडली. आमच्या पायऱ्यांना एका बाजूला कठडा नाही, तुला ठाऊक आहे. बाकीची मुलं त्या बाजूने उड्या मारतात. ती चालता चालता सरळ कडेवरून खाली गेली, जणू तिथे कड नव्हतीच. मनगट मोडलं. मी आणि तिची आई तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी सहज कात्री बाजूला ठेवली आणि तिला उचलून द्यायला सांगितली. कात्री तिच्या कोपराशी होती. तिला सापडेना.  डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी बोटं हलवून पाहिली आणि वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या विभागात पाठवलं.

डोळ्यांच्या आतला दाब. मुलांत क्वचित होतो, दुखत नाही, आणि नजर कडेकडून विझत येते. मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून मूल वाचतं, फळा दिसतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. आता तिला जेवढं दिसतं तेवढं आपल्याला कागदाची सुरळी डोळ्याला लावल्यावर दिसेल. शस्त्रक्रिया केली. गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलं पुढचं वर्ष काढेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. ऑगस्टमध्ये आणली असती तर बरंचसं राखता आलं असतं. ऑगस्टच म्हणाले, दादा. मी विचारलं नव्हतं.

ती धुकं रंगवत नव्हती. थांबायचं कुठे हे तिला कळत होतं असंही नव्हतं. तिला दिसत होता तेवढा हत्ती ती पूर्ण रंगवत होती. पोटाएवढा, मग वाटीएवढा. दर महिन्याला ती मला तिच्या डोळ्यांचं माप आणून देत होती आणि मी त्याच्याभोवती पाय आणि सोंड भरत होते. जी बाई मूल वाचायला शिकायच्या आत त्याचं पान वाचते, ती.

 तिच्या आईने दवाखान्याच्या बाकावर बसून एवढंच सांगितलं, की दिवाणावर उभं राहून पोरीने एकदा भिंतीवरचं पान नाकाला लावून पाहिलं होतं आणि म्हणाली होती की हे पाय मी केलेले नाहीत. आईने तिला खोटं बोलते म्हणून चापट मारली. बाईंनी शिक्का मारलेलं पान कसं खोटं असेल?

बाकी ठीक. 

ठमी

२ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. प्रत्येकात कुठेतरी गमतीचं वाक्य येत होतं, सवयीने. हात तोडावासा वाटला.

तू एकटी नाहीस. डावा हात तुझा होता, कोपर माझं. आणि खुर्चीत मी बसलो होतो.

आजवर कुणी लिहिलेल्या कलमांत एकच कामाचं होतं, आणि ते मी थट्टेने लिहिलं होतं. बाकी दहा मूर्खपणाची कलमं मुकाट्याने पाळली असती तरी मुलगी अकराव्यापर्यंत पोचली असती. आपण शहाणे, म्हणून पोचली नाही.

आता पुढचं ऐक. नव्या वर्षासाठी परिपत्रक सुधारतायत. चौकटीचा कागद राहणार. अकरावं कलम काढणार. कारण अठरा हजारांत एकालाही डोळे तपासायची गरज पडली नाही. मी साहेबांना सांगितलं की गरज पडली नाही कारण सगळीकडे शिक्षकच कडा भरतायत. ते म्हणाले, लेखी द्या, शाळेच्या आणि शिक्षकाच्या नावासह. मला एकच शिक्षक ठाऊक आहे. तुझी नोकरी जाईल, ठमे. तू म्हणशील तसं करतो.

दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. माझं नाव लिही. ठळक लिही. शाळेचं, वर्गाचं, पानांच्या तारखांसह. कोणत्या हाताने रंगवलं तेही. त्रेचाळिसांतलं एक माझ्या हातून गेलं. अठरा हजारांत अजून अशी किती असतील, ज्यांचे पाय कुणीतरी रंगवून ठेवलेत? नोकरी गेली तर शिवणकाम करीन. त्यातही कडाच दुमडायच्या असतात.

दुसरं एक काम. ढुशी एप्रिलमध्ये दूरच्या अंधशाळेत जाणार, तिथेच राहायला. दिसतंय तोवर तिथल्या खोल्या आणि जिने पाठ व्हावेत म्हणून लवकर नेतायत. सध्या वर्गात येते, माझ्या टेबलाला लागून बसते. आता तिला कुणी ढुशी म्हणत नाही. मुलं वाट सोडून बाजूला उभी राहतात, ते बघवत नाही. रंगभरणाच्या वेळी ती हात मांडीवर ठेवून बसते. मी तिला पान देत नाही आणि ती मागत नाही. तुझा पान सातचा हत्ती तिला हाताला लागेल असा करून पाठवशील का? रेघेवर दोरा चिकटव, काहीही कर. शेपटासकट.

ठमी

१८ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद. टिपण दिलं. तुझं नाव पहिल्या ओळीत, माझं दुसऱ्या. तीन आठवड्यांनी परत आलं. विहित नमुन्यात नाही असा शेरा. विहित नमुन्यात लिहून दिलं, तेव्हा साहेबांनी आत बोलावलं. खुर्ची दिली नाही. म्हणाले, एक पान खोटं धरलं तर शंभर टक्के खोटे ठरतात, आणि शंभर टक्के तर वर जाऊन पोचलेत. तिथून ते खाली कसे आणायचे?

अकरावं कलम काल वगळलं. तुझ्यावर कारवाई नाही. मी वाट बघत होतो निदान तेवढं तरी होईल याची. उलट तुझ्या शाळेला लक्षणीय प्रगतीचं प्रमाणपत्र येतंय. मोठ्या बाई खिळा शोधतील.

हत्ती पाठवतो आहे. सुतळी जाड होत होती, शेवटी वहिनीच्या विणकामाची लोकर सरसाने चिकटवली. तिने तीन दुपारी धरून ठेवली माझ्यासोबत. मूळ मापाचाच आहे, तसूभरही लहान-मोठा नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एका हत्तीला शेपूट जमलं.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. हत्ती पोचला.

शनिवारी तिचा शेवटचा दिवस होता. बाकीची मुलं सुटल्यावर तिला थांबवून घेतलं आणि पान तिच्यापुढे ठेवलं. तिने बोट पोटावर ठेवलं, नेहमीच्या जागी, आणि लोकर लागेपर्यंत सरकवत नेलं. लोकर लागल्यावर दचकली. मग कडेकडेने निघाली. मागचा पाय, पुढचा पाय, सोंड, कान. कुठे वळण आलं की श्वास धरायची. शेपटाशी दोनदा जाऊन आली. सगळा फेरा पुरा व्हायला बराच वेळ लागला. मग मला विचारलं, की पहिले हत्तीही एवढेच मोठे होते का.

वर्षभर मी तिच्याशी खोटं बोलले होते, आणखी एक मला सहज जमलं असतं. ओठावर आलंही होतं, की नाही बाळा, हा खास तुझ्यासाठी मोठा केलाय. पण म्हणाले, हो. सगळे एवढेच होते.

तिने बोट परत पोटावर आणलं. मग म्हणाली, म्हणजे सगळ्यांचंच उरलं. मला वाटलं आता ती रडेल. तर तिने खडूचा डबा ओढला, चाचपून निळा काढला आणि जुनी पानं आणा म्हणाली. आधी ती पुरी करते, मग हा नवा. आता कड कुठे असते ते कळलंय.

मी कपाट उघडलं. पहिला हत्ती, ज्याला मी धुकं म्हणाले होते, तो मी कौतुकाने इतके महिने दारावर ठेवला आणि उन्हाने त्याचा रंग पार उडालाय. हात लावला तर कोपऱ्यातून फाटला. आणि बाकीच्या गठ्ठ्यात, दादा, मी एकेक पान उलटून पाहिलं. ती खडू धरून वाट बघत होती.

एकातही जागा नव्हती. सगळी मी भरून ठेवलेली.

लोभ असू दे. कुठे कमी पडला तर तसाच कोरा राहू दे. मी भरायला येणार नाही.

तुझी,
ठमी